गिझर गळतोय? पाना हातात घेण्याआधी थेंब कुठला ते शोधा

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची पहाट. उटणं चोळून मुलं रांगेत उभी, मी बादली लावायला बाथरूममध्ये शिरलो आणि मानेवर टप्पकन कोमट थेंब पडला. वर बघितलं. गिझरच्या बुडाशी, निळ्या रिंगेच्या जरा खाली, दुसरा थेंब भरत होता. सणाच्या दिवशी जो मिळाला तो प्लंबर बोलावला. त्यानं स्टुलावर चढून एक नजर टाकली आणि मिनिटात निकाल दिला, "काका, वॉल गेलाय. हे भोक एम-सीलनं बुजवून टाकतो, वर्षभर बघायला नको." मी मान डोलावली. नवव्या दिवशी गिझरच्या खालच्या झाकणातून धार लागली आणि घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की ती तोडणारा स्विच, पडला.

कंपनीच्या माणसानं झाकण उघडून दाखवलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशीचा तो थेंब हा बिघाड नव्हताच. तापताना जे पाणी बाहेर टाकायला हवं तेवढंच गिझर टाकत होता. आम्ही त्याचं तोंड दाबलं, त्यानं दुसरीकडून वाट काढली.

तेव्हापासून सोसायटीत कुणाचाही गिझर गळला की मला हाक येते, आणि मी आधी पाना नाही, जुनं वर्तमानपत्र घेऊन जातो. खाली जे लिहिलंय ते भिंतीवर टांगलेल्या, १० ते २५ लिटरच्या, विजेच्या साठवणीच्या गिझरबद्दल. तो पाच-सहा ठिकाणांहून गळू शकतो. त्यातली दोन कामं घरी होतात, एका ठिकाणी काही करायचंच नसतं, एकाला तंत्रज्ञ लागतो आणि एकाला नवा गिझर. कुठलं कुठलं ते ओळखता आलं की निम्मा खर्च वाचतो.

आधी वीज, मग पाणी

गळती दिसली की ओल्या हातानं गिझरच्या बटणाकडे जाऊ नका. हात-पाय कोरडे करा, पायात रबरी चप्पल घाला आणि घराच्या डीबीमधला, म्हणजे विजेच्या मुख्य बोर्डातला, गिझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) खाली करा. मग बटण बंद करून प्लगही काढून ठेवा. एमसीबी पाडल्यावर प्लग कशाला, असं वाटेल. पण पुष्कळ घरांत एमसीबीवर नावं चुकीची चिकटवलेली असतात. आणि वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेलं असेल तर बटण बंद असूनही कॉइलपर्यंत फेज पोचलेला असतो. प्लग बाहेर आलेला डोळ्यांना दिसतो, म्हणून माझा भरवसा त्याच्यावर. प्लगवरच पाणी पडत असेल तर मात्र त्याला हात न लावता मेन बंद करा.

इथेच एक गैरसमज काढून टाकू. "एमसीबी आहे ना, मग शॉक कसा बसेल?" गिझर २००० वॉटचा म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढणार. एमसीबी त्याहून बराच जास्त करंट गेला तरच पडतो. माणसाच्या जिवावर उठायला त्याचा शंभरावा भागही पुरतो आणि एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असतो. गिझर गळतोय आणि आरसीसीबीही पडतोय अशी जोडी दिसली, तर पाणी विजेच्या जोडण्यांपर्यंत पोचलं असं समजा. आरसीसीबी पुन:पुन्हा वर करून बघायचा नाही, आणि तो काढून थेट जोडणी करून देणारा वायरमन घरात घ्यायचा नाही.

आता पाणी. गिझरची टाकी पफच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या, जाड थरात गुंडाळलेली असते, त्यामुळे वीज बंद करूनही आतलं पाणी तासन् तास कढत राहतं. गळती थेंबाथेंबाची असेल तर घाई करू नका. वीज बंद ठेवून गरम पाण्याचा नळ सोडा आणि गार पाणी येईपर्यंत दोन-तीन बादल्या भरून घ्या. आंघोळी उरकून घ्या. टाकी आपोआप थंड होते. मग गिझरच्या इनलेटचा, म्हणजे निळ्या बाजूचा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ क्षणभर उघडून आतला दाब सोडा. धार लागली असेल तर मात्र बादल्या भरत बसायला वेळ नाही; थेट कॉक बंद. कॉक कित्येक वर्षांत फिरवलेला नसला तर तो अडकतो. त्याला पान्यानं पिळलं तर तुटून भिंतीतूनच कारंजं उडतं. अशा वेळी डक्टमधला किंवा गच्चीवरच्या टाकीखालचा आपल्या लाइनचा वॉल बंद करणं शहाणपणाचं. तो कुठे आहे हे आज, सगळं ठीक असताना, बघून ठेवा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. इनलेट बंद करून गरम नळ उघडा ठेवला की गिझर रिकामा होईल असं वाटतं. होत नाही. गरम पाणी बाहेर नेणारी नळी टाकीत वरपर्यंत गेलेली असते. खालून थंड पाणी रेटल्याशिवाय वरचं पाणी तिच्यात उतरत नाही. नळ कोरडा पडला तरी डोक्यावर २५ लिटर पाणी तसंच आहे, हे पाना लावताना लक्षात असू द्या.

थेंबाची चौकशी

सुती फडक्यानं गिझरचं बूड, दोन्ही नळ्या, वॉल, अँगल कॉक, मागची भिंत, सगळं कोरडं करा. मग प्रत्येक जोडावर अंगाला लावायची पावडर बोटानं पसरा. पांढऱ्या थरावर पाण्याची बारीकशी रेघही काळपट उठून दिसते, आणि ती कुठून सुरू होते तेही कळतं. खाली जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि जिथे थेंब पडेल तिथे पेन्सिलीनं गोल करा. हे सगळं पोरखेळ वाटेल, पण पाणी जिथे पडतं तिथून गळत नसतं. ते नळीवरून, झाकणाच्या कडेवरून वाट काढत भलतीकडे उतरतं. आमच्या मजल्यावरच्या एका घरात लाल रिंगेखाली थेंब दिसायचा म्हणून दोनदा नळी बदलून झाली होती. पावडर लावल्यावर रेघ निघाली ती वरून, छताकडून.

आता दोन वेळा निरीक्षण करायचं. पहिल्यांदा इनलेट चालू, वीज बंद, तासभर. दुसऱ्यांदा विजेवर, गिझर तापत असताना. बुडाच्या झाकणातून पाणी येत असेल किंवा आरसीसीबी पडला असेल, तर ही दुसरी फेरी करायची नाही.

थंड असताना कोरडं आणि तापताना थेंब, हा वॉलचा थेंब. बहुतेक वेळा निर्दोष. थंड असतानाही सारखं गळतंय, तर नळीचा जोड, बुडाचं गॅसकेट (पाणी अडवणारं रबर) किंवा टाकी. शॉवर किंवा नळ सोडल्यावरच भिंत ओली होतेय, तर गिझरला दोष देऊ नका. मिक्सरच्या, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या, पुढचा भिंतीतला पाइप तपासा. इनलेट बंद करूनही गळती दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नसेल तर बहुधा टाकीतलंच पाणी हळूहळू उतरतंय. पण एक शक्यता हमखास विसरली जाते: खराब झालेल्या मिक्सरमधून थंड पाणी उलटं गरम लाइनमध्ये शिरतं आणि आउटलेटच्या बाजूनं गिझरमध्ये येत राहतं. आउटलेटचाही अँगल कॉक बंद करून बघा. फक्त तपासणीपुरता, आणि वीज बंद असतानाच.

गळती किती आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. खाली वाटी ठेवा, घड्याळ लावा. तासाला एक वाटी, म्हणजे साधारण १५० मिली, तर दिवसाला साडेतीन लिटरच्या वर जातं. हा आकडा तंत्रज्ञाला फोनवर सांगितला की तो "थोडंसं गळतंय" म्हणण्यापेक्षा गांभीर्यानं घेतो, हा माझा अनुभव.

वॉलचा थेंब

इनलेटवर पितळी रंगाचा, एक छोटी दांडी आणि बाजूला नळीसारखं तोंड असलेला जो तुकडा असतो, तो सेफ्टी वॉल. दुकानात मल्टी-फंक्शन वॉल म्हणून मागा. तो दोन कामं करतो. गरम पाणी उलटं थंड लाइनमध्ये जाऊ देत नाही, आणि टाकीतला दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की बाजूच्या तोंडातून पाणी सोडतो.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर नेलं की त्याचं आकारमान दीड ते पावणेदोन टक्क्यांनी वाढतं. २५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी झालं सुमारे ४०० मिली, म्हणजे अडीच वाट्यांहून थोडं जास्तच. पाणी दाबून लहान होत नाही, लोखंडी टाकी ताणत नाही, मागे जायला वॉल देत नाही, पुढचे नळ बंद. मग ते जाणार कुठे? त्या तोंडातून थेंबाथेंबानं बाहेर येतं. तापताना येतं आणि थर्मोस्टॅटनं वीज तोडली की थोड्या वेळात थांबतं. असं असेल तर तुमचा वॉल उत्तम आहे.

ते तोंड बुजवायचं नाही. एम-सील नाही, लाकडी खुंटी नाही, पेन्सिलीचा तुकडा नाही. थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा भाग) दोन्ही एकदम बिघडले तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी शेवटची वाट तीच असते. थेंबाचा त्रास होत असेल तर त्या तोंडावर पारदर्शक बारीक नळी चढवा आणि उताराउतारानं खाली मोरीपर्यंत आणा. नळीला मध्ये वेटोळं नको, टोक उघडं आणि नजरेसमोर हवं.

थर्मोस्टॅटचा काटा ७५ वर असेल तर ६० वर आणा. थेंब कमी होईल, क्षारही कमी बसतील, आणि आंघोळीला ६० अंश भरपूर होतात. त्यात थंड पाणी घालावंच लागतं.

वॉल खरंच बिघडलेला कधी म्हणायचा? वीज बंद आणि पाणी थंड असूनही तोंडातून गळतंय, किंवा थेंबाऐवजी धार आहे, तेव्हा. पहिलं कारण कचरा. टँकरचं पाणी आलं, गच्चीवरची टाकी धुतली, लाइनचं काम झालं की वाळूचे कण वॉलच्या बैठकीत अडकतात. पाणी थंड असताना खाली बादली धरून दांडी चार-पाच वेळा उचला आणि सोडा. जोरात धार येऊन कण निघून गेला तर गळती तिथेच थांबते. फुकटचा उपाय आहे, आधी हाच करा.

दुसरं कारण बाहेरून येणारा दाब. गच्चीवरची टाकी गिझरच्या दहा मीटर वर असली की साधारण एक बार दाब मिळतो. वीस मजली टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर हाच दाब सहा बारच्या घरात जातो, म्हणून अशा इमारतींत मध्ये दाब कमी करणारे वॉल बसवतात. ते बिघडले की एकाच उभ्या रांगेतल्या चार-पाच घरांचे गिझर एकदम गळायला लागतात. तुमचा गळतोय तर वर-खाली विचारा. त्यांचाही गळत असेल तर प्लंबर नको, सोसायटीच्या ऑफिसात जा. बंगल्यात नवा प्रेशर पंप बसवल्यावर गळती सुरू झाली असेल तर पंपाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

तरीही गळत असेल तर वॉल बदला. वस्तू स्वस्त, काम अर्ध्या तासाचं. प्लग काढलेला, टाकी गार, इनलेट कॉक बंद. खाली मोठी बादली ठेवा आणि एक हाताशी रिकामी असू द्या. गरम नळ उघडा ठेवा, म्हणजे तिकडून हवा आत जाईल. आता कनेक्शन पाइप सोडवून वॉल उलटा फिरवला की टाकीतलं सगळं पाणी खाली येतं. अंगावर येणार हे धरूनच उभं राहा. टाकीच्या निपलवर, म्हणजे वॉल जिच्यावर बसतो त्या आट्यांच्या नळीवर, आधीच्या टेफ्लॉनच्या चिंध्या चिकटलेल्या असतील, त्या टाचणीनं उकरून आटे स्वच्छ करा. नवी टेप ज्या दिशेनं वॉल आवळणार त्याच दिशेनं ओढून गुंडाळा, दहा-बारा वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना तीच गोळा होऊन बाहेर येते. वॉलवर बाण असतो, तो गिझरकडे हवा. आधी हातानं बसेल तितका बसवा, मग पान्यानं अर्धा-पाऊण फेरा. पाय रोवून जोर काढायचा नाही. निपल टाकीला वेल्ड केलेली असते, ती फिरली की पुढचा खर्च थेट नव्या टाकीचा. आणि दुकानदारानं "हाच चालेल" म्हणून साधा एनआरव्ही हातात ठेवला तर घेऊ नका. तो पाणी मागे जाऊ देत नाही इतकंच. दाब सोडायचं तोंड त्याला नसतं. वॉलवर छापलेला दाब गिझरच्या पाटीवरच्या दाबाशी जुळतो ना, तेवढं बघा. पाटीवर बहुधा ०.८ एमपीए किंवा ८ बार लिहिलेलं असतं.

नळ्या आणि जोड

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारं. गिझर आणि अँगल कॉक यांच्यामधला तो जाळीदार कनेक्शन पाइप आतून रबराचा असतो. गरम बाजूचा आधी कडक होतो, मग भेगाळतो. जाळीवर गंजाचे ठिपके दिसले किंवा एखादी तार सुटून बोटाला टोचली तर पाइप बदलायची वेळ झाली. दोन्ही एकदम बदला. एकाच दिवशी बसवलेले असतात आणि दुसराही फार लांब नसतो. पांढरा प्लास्टिकचा कनेक्शन पाइप वॉश बेसिनला ठीक, गिझरच्या गरम बाजूला अजिबात नको.

जोडाला गळत असेल तर नव्वद टक्के लोक नटावर टेफ्लॉन गुंडाळतात. तिथे त्याचा उपयोग नाही. कनेक्शन पाइपच्या नटाच्या आत चपटं रबरी वायसर असतं, पाणी ते अडवतं. आटे फक्त आवळायला असतात. नट उघडा, वायसर बघा. चिरलेलं, चेपलेलं, एका बाजूला सरकलेलं किंवा गायबच असेल. नवं टाका, नट हातानं घट्ट करा आणि पाव फेरा पान्यानं. तेवढं पुरतं.

पाइप लांबीला अपुरा असला की तो ताणून बसवतात, आणि ताणलेला जोड कधी ना कधी गळतोच. १८ इंची पुरत नसेल तर २४ इंची घ्या. आणखी एक तपासा: गिझर एका बाजूला कलला तर नाही ना? २५ लिटरचा गिझर भरला की ३५ किलोच्या आसपास वजन होतं. हल्लीच्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधे प्लॅस्टिकचे गुल्ले ठोकून टांगलेला गिझर काही वर्षांत बोटभर खाली येतो आणि सगळा भार नळ्यांवर पडतो. असं दिसलं तर नळ्यांना हात लावू नका, आधी गिझर रिकामा करून नीट अँकर बोल्टवर टांगून घ्या.

बूड

खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की एक गोल धातूची तबकडी दिसते, कडेनं बोल्ट आवळलेले. ही फ्लँज. कॉइल, थर्मोस्टॅट आणि अनोड रॉड तिच्यातूनच टाकीत गेलेले, आणि तिच्या व टाकीच्या मध्ये रबरी गॅसकेट. ते वर्षानुवर्षं गरम पाण्यात शिजतं, शेवटी कडक होतं आणि पाणी सोडायला लागतं. माझ्याकडे नवव्या दिवशी फुटलं ते हेच.

ही गळती धोक्याची, कारण थेंब पडतो तो बरोबर वायरींच्या टर्मिनलवर. झाकणाच्या छिद्रातून किंवा वायर जिथून बाहेर येते तिथून पाणी येत असेल, आणि नळ्या वरून कोरड्या असतील, तर संशय गॅसकेटवर घ्या आणि गिझर दुरुस्त होईपर्यंत चालू करू नका. झाकण काढून नुसतं बघायला हरकत नाही, प्लग हातात असेल तर. त्यापुढचं काम मी स्वतः करत नाही आणि तुम्हालाही करू म्हणणार नाही. वायरी, अर्थिंगचा स्क्रू, बोल्टचा क्रम, यातलं एक चुकलं तर पाणी आणि वीज एकत्र येतात.

पण माणूस आला की समोर उभं राहा. गॅसकेट नवंच हवं. जुनं पुसून, सिलिकॉन लावून परत बसवलेलं दोन महिनेही टिकत नाही. बोल्ट एकामागून एक गोलात नाही, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, चारचाकीच्या चाकासारखे. बूड उघडलंच आहे तर आतले क्षार काढून घ्या. आमच्या टाकीतून अर्धा तांब्या भरेल इतका पांढरा चुरा निघाला होता. गिझर तापताना पाणी उकळल्यासारखा कुरकुर आवाज येत होता तो त्याचाच.

आणि अनोड रॉड बघायला मागा. बोटाएवढी जाड मॅग्नेशियमची कांडी असते. पाणी टाकीचं लोखंड खायच्या ऐवजी आधी ही कांडी खातं, म्हणून तिचा जन्म. ती बारीक होऊन मधली तार दिसायला लागली की तिचं काम संपलं आणि टाकीची पाळी सुरू झाली. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर असलेल्या घरांनी ती वर्षातून एकदा बघावी. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या पेठेतला गिझर आणि टँकरवर चालणाऱ्या वाघोलीकडचा गिझर एकाच दिवशी घेतले तरी एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत.

टाकीच फुटली असेल तर

नळ्या कोरड्या, वॉल कोरडा, फ्लँज कोरडी, आणि पाणी बाहेरच्या पत्र्याच्या जोडातून उतरतंय, तेही तपकिरी. म्हणजे आतली टाकी गेली. आतला पफ स्पंजासारखा भिजलेला असतो, त्यामुळे इनलेट बंद केल्यावरही बराच वेळ थेंब येत राहतात. याला इलाज नाही. टाकीच्या आतल्या बाजूला काचेसारखा मुलामा असतो, वेल्डिंगच्या आचेनं तो तडकतो आणि शेजारीच नवं भोक पडतं. "वेल्डिंग करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी बिल शोधा. गिझरची वॉरंटी तीन तुकड्यांत असते: पूर्ण वस्तूची कमी, कॉइलची वेगळी, आणि टाकीची सगळ्यात जास्त, पाच-सात वर्षं सर्रास मिळते. लोक दोन वर्षं उलटली की वॉरंटी संपली असं समजून गप्प बसतात. पाटीवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, गळतीचा व्हिडिओ काढा, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

नवा घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस २०८२ हा क्रमांक पाटीवर बघा; चिन्हाजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा ताडता येतो. टॉवरमध्ये राहत असाल तर ८ बारचा घ्या. आणि कंपनीपेक्षा तुमच्या गावात तिचा माणूस किती दिवसांत येतो, हे शेजाऱ्यांना विचारा.

गॅस गिझर आणि छोटे इन्स्टंट

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला वरचंच सगळं लागू, फक्त तो ३००० वॉटचा, म्हणजे १३ अँपिअर ओढणारा. गळतीबरोबर त्याचा प्लग काळवंडलाय का तेही बघा. गॅस गिझरमधून पाणी गळत असेल तर आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मग पाणी. आतला रबरी पडदा फाटला की पाणी गळतं आणि बर्नरही वेळेवर पेटत-विझत नाही. ते घरी उघडायचं नाही. तो बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर गळतीची चिंता नंतर करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी त्याला बाहेर हवेशीर जागी हलवा.

पुन्हा चालू करताना

घाईत इथेच कॉइल जळते. रिकाम्या टाकीत वीज दिली की कॉइलभोवती पाणी नसतं आणि ती काही क्षणांत भाजून निघते. म्हणून क्रम उलटा: आधी पाणी, मग वीज. गरम नळ पूर्ण उघडा, आउटलेट कॉक बंद केला असेल तर तोही उघडा, मग इनलेट हळूहळू सोडा. नळातून आधी हवा फुसफुसेल, मग फुरफुरत पाणी येईल, मग सलग धार. सलग धार लागली की टाकी भरली. आता नळ बंद करा, सगळे जोड पुसा, पुन्हा पावडर लावा आणि अर्धा तास नुसतं बघा. कोरडं राहिलं तर प्लग, एमसीबी, बटण, या क्रमानं चालू करा. एक वेळ पूर्ण तापू द्या आणि पुन्हा बघा. रबर आणि धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात, थंडीत कोरडा राहिलेला जोड गरम झाल्यावर पाझरू शकतो.

वॉलच्या नळीतून त्या वेळी थेंब येणारच. आमच्याकडे ती नळी मोरीच्या कडेला उघडी सोडलीय, आणि गिझरच्या झाकणावर मार्करनं दोन तारखा लिहिल्यात: गॅसकेट बदलल्याची आणि अनोड बघितल्याची. परवा नवा प्लंबर शॉवरच्या कामाला आला होता. नळीतला थेंब बघून म्हणाला, "काका, हे बंद करून देऊ?" मी त्याला स्टूल दिलं आणि झाकणावरची पहिली तारीख वाचायला सांगितली.